बर्फाच्या समुद्रातले जहाज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ध्रुवीय संशोधन जहाजांविषयी गेल्या अंकात एक छोटे टिपण आले होते. त्यात या जहाजांचा धावता परिचय होता. त्यांवर माणसे राहतात कशी आणि नेमके करतात काय, अशी विचारणा त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत आहे. समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक अभ्यासासाठी मी अशा जहाजांवर अनेक आठवडे राहिलो असल्याने उत्तरे लिहिण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे सोपवले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जहाज बर्फ फोडते म्हणजे तो कापत पुढे जाते का? त्या वेळी आतल्या माणसांना काय जाणवते?

उत्तर : कापत नाही. बर्फ दाबाला बराच टिकाव धरतो, पण वाकवला की त्या मानाने सहज मोडतो. म्हणून अशा जहाजाची नाळ, म्हणजे पुढचा भाग, पाण्याखाली तिरका आणि उतरता ठेवलेला असतो. इंजिनांच्या जोरावर जहाज बर्फाच्या थरावर थोडे चढते, स्वतःच्या वजनाने तो खाली वाकवते आणि मोडते. मोडलेले तुकडे तळाखालून आणि बाजूंनी मागे सरकतात. जर्मनीचे ‘पोलारस्टर्न’ हे ११८ मीटर लांबीचे जहाज १९८२ पासून या कामात आहे. सुमारे दीड मीटर जाडीच्या सलग बर्फातून ते पाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटर, वेगाने जाऊ शकते. त्याहून जाड थर लागला, किंवा वाऱ्याने आणि प्रवाहाने तुकडे एकमेकांवर चढून बर्फाचा बांध तयार झालेला असला, तर जहाज आपल्याच वाटेने मागे घेतात, धाव घेऊन पुन्हा चढवतात, आणि वाट मोकळी होईपर्यंत हेच चालू ठेवतात. चीनचे ‘श्वेलोंग २’ तर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही टोकांनी बर्फ फोडू शकेल अशा बेताने बांधलेले आहे.

आत बसलेल्यांना सर्वांत आधी जाणवतो तो आवाज. पाण्याच्या पातळीखालच्या केबिनमध्ये झोपलेल्या माणसाच्या उशापासून हातभर अंतरावर, पोलादी पत्र्याच्या पलीकडून, बर्फाचे तुकडे खरवडत जात असतात. पहिल्या दोन रात्री झोप लागत नाही आणि तिसऱ्या रात्रीनंतर आवाज थांबला की जाग येते, कारण आवाज थांबणे म्हणजे जहाज थांबणे. मात्र खरा त्रास बर्फात नसून त्याच्या अलीकडच्या खुल्या समुद्रात होतो. साध्या जहाजांच्या तळाला डोलणे कमी करण्यासाठी दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या बसवतात. बर्फात त्या उखडल्या जातील म्हणून बर्फ फोडणाऱ्या जहाजांना सहसा त्या नसतात. परिणामी गोलसर तळाचे हे जहाज दक्षिण महासागराच्या लाटांवर असे हेलकावते की अनुभवी खलाशीसुद्धा जेवणाच्या टेबलावर ओले कापड अंथरल्याशिवाय ताट ठेवत नाहीत. बर्फाच्या पट्ट्यात शिरल्यावर लाटा मरतात आणि जहाज एकाएकी स्थिर होते. त्या क्षणी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जी सुटका दिसते, ती मी दर सफरीत पाहिली आहे.

आणखी एक सांगतो. बर्फातला कुशल कप्तान कमीत कमी बर्फ फोडतो, असे माझे मत आहे. रडारयुक्त उपग्रहांची चित्रे ढगातून आणि अंधारातूनही बर्फाचा विस्तार दाखवतात. त्यांच्या आधारे आणि डोळ्यांनी तो भेगांमधले मोकळे पाणी शोधत जातो. दूरच्या ढगांच्या पोटाशी काळसर छाया दिसली तर तिच्याखाली मोकळे पाणी असते, आणि पांढरी झळाळी दिसली तर बर्फ असतो. ही खूण फार जुनी आहे आणि आजही ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, तिचा उपयोग होतो.

प्रश्न : जहाज बर्फात अडकून पडले तर काय होते?

उत्तर : ते जहाजाच्या बांधणीवर आणि बर्फाच्या दाबावर अवलंबून असते. ब्रिटिश ध्रुवीय संशोधक शॅकल्टन याच्या मोहिमेचे ‘एंड्युरन्स’ हे जहाज १९१५ च्या जानेवारीत अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात अडकले, दाबाने चिरडले गेले आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला बुडाले. त्यावरचे २८ जण मात्र अखेर सुखरूप परतले. सुमारे ३००० मीटर खोलीवर विसावलेले त्याचे अवशेष २०२२ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ‘अगुल्हास २’ या जहाजावरील पथकाला सापडले.

याच्या उलट उदाहरण त्याआधीचे आहे. नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज घेऊन आर्क्टिककडे निघाला तो मुद्दाम अडकण्यासाठीच. त्याच्या जहाजाचा तळ इतका गोलाकार होता की बर्फाने दाबले की ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. जवळपास तीन वर्षे बर्फाबरोबर वाहत ते १८९६ मध्ये मोकळे झाले. आर्क्टिक समुद्र उथळ असेल ही नान्सेनची अपेक्षा या प्रवासाने खोटी ठरवली. दोर खाली सोडला तर खोली ३००० मीटरहून अधिक निघाली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न वाहता तिच्या उजवीकडे कलत जातो, ही त्याची नोंद तर इतकी मोलाची ठरली की तिचे कारण शोधताना स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ एकमान याने वाऱ्यामुळे वाहणाऱ्या सागरी प्रवाहांचा सिद्धान्त मांडला.

हाच मार्ग ‘पोलारस्टर्न’ने २०१९ मध्ये पुन्हा धरला. ‘मोझॅक’ या मोहिमेत ते बर्फाच्या एका मोठ्या तुकड्याला दोरखंडांनी बांधून घेऊन आर्क्टिकमधून वाहत राहिले. मधल्या काळात माणसे बदलली, साथीच्या रोगामुळे बदलीचे वेळापत्रक कोलमडले, बर्फावर उभारलेल्या छावणीखाली भेगा पडून उपकरणे हलवावी लागली. तरी सप्टेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२० असे वर्षभराहून अधिक काळ निरीक्षण चालू राहिले. मध्य आर्क्टिकच्या संपूर्ण हिवाळ्याच्या इतक्या तपशीलवार नोंदी त्याआधी आपल्याकडे नव्हत्या.

प्रश्न : आता उपग्रह आहेत, स्वयंचलित उपकरणे आहेत. मग इतकी माणसे आणि इतका खर्च करून जहाज पाठवण्याची गरज काय?

उत्तर : हा प्रश्न सर्वांत अधिक पत्रांत आहे आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. उपग्रहाला समुद्राचा पृष्ठभाग दिसतो; बर्फाखालच्या चार हजार मीटर पाण्यात काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. जगभरच्या समुद्रांत सोडलेले सुमारे चार हजार तरंगते मापक ठरावीक दिवसांनी वर येऊन माहिती पाठवतात, पण त्यांतील बहुतेक २००० मीटरपर्यंतच उतरतात, आणि डोक्यावर बर्फ असला की त्यांना वर येता येत नाही. अंटार्क्टिकाभोवती गोठताना खारट आणि जड झालेले पाणी तळाशी बुडते आणि तिथून जगातल्या महासागरांच्या तळांवर पसरते. या तळपाण्याचे तापमान दहा वर्षांत जितके बदलते ते अंशाच्या शंभराव्या, कधी हजाराव्या भागात मोजावे लागते. इतके सूक्ष्म माप विश्वासाने घ्यायचे तर त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन प्रत्यक्ष पाणी वर आणावे लागते.

ते कसे आणतात ते सांगतो. माणसाच्या उंचीच्या एका धातूच्या चौकटीत बहुधा २४ लांबट बाटल्या गोलाकार बसवलेल्या असतात. खालच्या बाजूला क्षारता, तापमान आणि खोली मोजणारी उपकरणे असतात. विंचवरची, म्हणजे तार सोडण्या-गुंडाळण्याच्या यंत्रावरची, तार सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने ही चौकट खाली सोडते. चार हजार मीटरवर पोहोचायलाच तासाहून अधिक लागतो. परत येताना ठरलेल्या खोल्यांवर थांबून एकेक बाटली बंद केली जाते. म्हणजे एका ठिकाणी तीन तासांच्या आसपास वेळ जातो, आणि सफरीत अशी ठिकाणे कित्येकदा शंभराच्या घरात असतात. हा सगळा वेळ विंच चालवणारा खलाशी तारेवरचा ताण पाहत बसलेला असतो आणि ब्रिजवरचा अधिकारी जहाज जागेवर राखून, सरकणारा बर्फ तारेवर येऊ नये म्हणून झटत असतो. त्या दोघांपैकी एकाचे लक्ष पाच मिनिटे ढळले तर लाखमोलाची उपकरणे तळाला जातात.

मला आठवते ती पहाटे तीनची वेळ. बाहेर उणे बावीस अंश होते. चौकट पाण्याबाहेर आली की बाटल्यांच्या तोट्या आणि तापमापकाभोवतीची नळी काही मिनिटांतच गोठू शकते, म्हणून ती तत्काळ ओढून गरम केलेल्या बंदिस्त खोलीत घ्यावी लागते. दार बंद झाले की सगळे आपापल्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहतात, आणि ही रांग कोणाच्या मानाप्रमाणे नसून पाण्यातल्या वायूंच्या स्वभावाप्रमाणे लागते. हवेशी संपर्क आला की ज्यांचे प्रमाण बिघडते ते विरळ वायू आधी, मग प्राणवायू, मग कर्बवायू, त्यानंतर पोषक द्रव्ये, आणि क्षारता बहुधा अगदी शेवटी. प्राणवायूसाठी मी रबरी नळी काचेच्या कुपीच्या तळाशी टेकवतो, एकही बुडबुडा राहू नये म्हणून कुपी भरून तिच्या तिप्पट पाणी वाहू देतो, मग दोन रसायनांचे मोजके थेंब सोडून बूच लावतो आणि कुपी उलटसुलट हलवतो. आत तपकिरी ढग उमटतो आणि सावकाश खाली बसतो. जितका प्राणवायू अधिक तितका तो तपकिरी रंग गडद. हजारो मीटर खोलवरचे ते पाणी शेवटचे हवेला भिडले होते ते कित्येक वर्षांपूर्वी, आणि त्या श्वासाचा उरलेला हिशेब आपल्या हातातल्या कुपीत दिसत असतो. बोटे त्या पाण्याने बधिर झालेली असतात, तरी एकही कुपी घाईने भरता येत नाही. ही काळजी कुठल्याही उपग्रहाला घेता येत नाही, म्हणून जहाज पाठवावे लागते.

प्रश्न : कोणी पाण्यात पडले किंवा गंभीर आजारी झाले तर?

उत्तर : समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठते, म्हणजे पाणी त्याहून फारसे थंड असू शकत नाही. पण माणसाला तेवढे पुरे होते. साधारण हिशेब असा सांगतात की पहिले मिनिट धाप आवरण्यात जाते, सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. त्यामुळे जीवरक्षक जाकीट नसलेला माणूस थंडीने दगावण्याआधीच बुडण्याचा धोका मोठा असतो. म्हणून कठड्याजवळ एकट्याने काम करायचे नाही, हा नियम कोणालाही मोडू देत नाहीत. आर्क्टिकमध्ये बर्फावर उतरताना अस्वलांवर नजर ठेवणारा बंदूकधारी पहारेकरी सोबत असतो. अंटार्क्टिकात अस्वले नाहीत.

मोठ्या जहाजांवर डॉक्टर आणि छोटी शस्त्रक्रियेची खोली असते. तरीही निघण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत दातांसह सर्व काही कसून पाहतात, कारण मदत येण्यास अनेक दिवस लागू शकतात.

प्रश्न : चोवीस तास उजेड किंवा चोवीस तास अंधार असताना माणसे झोपतात कशी? एकमेकांचा कंटाळा येत नाही का?

उत्तर : केबिनच्या गोल खिडकीवर जाड झाकण असते, ते लावल्याशिवाय उन्हाळ्यात झोपच येत नाही. दिवस सूर्यावर न चालता घड्याळावर आणि जेवणाच्या वेळांवर चालतो. ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांची पाळी बहुधा चार तास कामाची आणि आठ तास विश्रांतीची असते. शास्त्रज्ञ अनेकदा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत विभागलेले असतात, त्यामुळे एकाच केबिनमधली दोन माणसे आठवडाभर केवळ दारात भेटतात. ताजी पालेभाजी पहिल्या काही आठवड्यांत संपते. कांदे, बटाटे आणि कोबी तेवढे टिकतात, आणि स्वयंपाक्याच्या मेहनतीवर सगळ्या जहाजाची मनःस्थिती अवलंबून असते, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो आहे.

कंटाळा येतो, आणि भांडणेही होतात. ती बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या जागेवरून किंवा कोणाच्या नमुन्यांना जहाजाचा वेळ मिळावा यावरून होतात, कारण दर तास मोजलेला असतो. वादळामुळे दोन दिवस गेले तर मुख्य शास्त्रज्ञाला कोणाचे तरी काम रद्द करावे लागते. वर्षानुवर्षे तयारी केलेल्या तरुण संशोधकाला ते समोर बसवून सांगणे, हे मला या नोकरीतले सर्वांत कठीण काम वाटते.

प्रश्न : मी शास्त्रज्ञ नाही. अशा जहाजावर मला काम मिळू शकेल का?

उत्तर : अवश्य मिळू शकते. ‘पोलारस्टर्न’सारख्या जहाजावर जे शंभराच्या आसपास लोक असतात, त्यांत जहाज चालवणाऱ्यांचा वाटा निम्म्याच्या जवळ जातो. डेकवरचे खलाशी, इंजिनीयर, वीजतंत्रज्ञ, स्वयंपाकी, डॉक्टर, हवामान निरीक्षक, हेलिकॉप्टरचे वैमानिक आणि यांत्रिक अशी ही माणसे असतात. ध्रुवीय पाण्यात जहाज नेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी २०१७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय संहितेनुसार वेगळे प्रशिक्षण लागते. बाकीच्यांना समुद्रावरचे सुरक्षा प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला आवश्यक असतो. आपण वेल्डिंग, विद्युतकाम किंवा क्रेन चालवणे यांपैकी काही येत असल्याचे पत्रात लिहिले आहे. यांतले विंच आणि क्रेनचे काम पक्के करावे, असे मी सुचवीन. हलत्या डेकवर दोन टनांचे उपकरण कोणालाही न धडकता पाण्यात सोडणारा माणूस सहजासहजी मिळत नाही, आणि मोहिमेची आखणी करताना मुख्य शास्त्रज्ञ पहिली चौकशी करतात ती विंचवर या वेळी कोण आहे याचीच.