‘मी तिला कधीच जाडी म्हणाले नाही’

मुलगी डबा तसाच परत आणते, रात्री भात नको म्हणते, घरच्या फोटोत कोणाच्या तरी मागे उभी राहते. अशी मुलगी घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : ‘‘मॅडम, हिचा मोबाईल काढून घेऊ का?’’

लालबागच्या एका आईनंही तेच विचारलं. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी नववीत, शाळेच्या कबड्डी संघात. खेळ अचानक सोडला, पाठोपाठ जेवण कमी झालं. रील्स बघून डोक्यात खूळ शिरलंय, असं आईचं ठाम मत.

मुलगी सुरुवातीला फार बोलली नाही. कबड्डीचा विषय काढल्यावर म्हणाली, ‘‘हाफ पँट घालावी लागते.’’ वर्गातला एक मुलगा तिच्या मांड्यांवरून काहीतरी बोलला होता. तेव्हापासून चढाईला गेली की तिचं लक्ष समोरच्या खेळाडूंपेक्षा मैदानाबाहेर कोण बघतंय याकडेच जायचं.

मी तिला एक काम दिलं. शरीराबद्दल जे जे कानावर पडेल, डोळ्यांपुढे येईल, ते आठवडाभर वहीत लिहायचं. कोण म्हणालं तेही लिहायचं.

वहीत मोबाईल होताच. महिन्यात बारीक होण्याचे व्हिडिओ, दिवसभरात आपण काय खातो ते दाखवणाऱ्या सडपातळ मुली. अशा एका व्हिडिओवर जरा रेंगाळलं की तसेच आणखी पुढे येत राहतात, कारण तुमचं रेंगाळणंच आवड म्हणून धरलं जातं. पण पानं भरली होती ती घरच्यांच्या बोलण्यानं. मावशी : ‘‘आता मोठी झालीस, खाण्यावर जरा ताबा ठेव.’’ शेजारच्या काकू : ‘‘हिला पिवळा ड्रेस नको, आणखी सावळी दिसते.’’ बाबा, अगदी लाडानं : ‘‘आमचा भोपळा आला!’’ आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य आईचं होतं : ‘‘किती सुटलेय मी, आरशात बघवत नाही.’’

मुलीच्या परवानगीनं ते पान आईला दाखवलं. ती गोंधळली. ‘‘अहो, हे मी स्वतःला म्हणते. मी तिला कधीच जाडी म्हणाले नाही.’’

ते खरंच होतं. पण मुलीची अंगकाठी हुबेहूब आईची. ‘आईच्याच वळणावर गेलीय’ हे आजी येता-जाता बोलून दाखवायची. आई ज्या अंगाला रोज नावं ठेवते तेच अंग आपल्याला मिळालंय, हे लेकीला वेगळं सांगावं लागत नाही. आया मुलींना खूप जपून बोलतात आणि स्वतःबद्दल मात्र वाटेल ते बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. त्या भेटीत ही बाई पहिल्यांदाच स्वतःच्या कांदेपोह्यांच्या दिवसांबद्दल बोलली. ‘मुलगी अंगानं जरा जास्तच आहे’ हा निरोप तिला अजून शब्दन्‌शब्द आठवत होता.

पडद्याचा परिणाम मी कमी लेखत नाही. फिजी बेटांवरच्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग चांगलं मानलं जायचं. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा खाण्याच्या विकाराकडे झुकणारी लक्षणं 12.7 टक्के मुलींमध्ये होती. 1998 मध्ये ती 29.2 टक्क्यांमध्ये आढळली. तेव्हा हातात मोबाईल नव्हते. म्हणूनच घरातली बाजू भक्कम हवी. नुसता मोबाईल काढून घेतला तर मावशी, काकू आणि आरसा तिथेच राहतात, आणि मुलगी लपून बघायला शिकते ते वेगळंच.

शरीराबद्दलही मी दोघींशी बोलले. वयात येताना मुलींच्या मांड्या, नितंब भरतात; संप्रेरकांमुळे तिथे चरबी साठते आणि ही वाढच असते. नेमक्या याच काळात जेवण तोडलं की आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय दिसला. हिची तपासणी करायला सांगितली. हिमोग्लोबिन कमीच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

घरात एकच ठरलं : जेवताना कोणाच्याही अंगावरून बोलायचं नाही, स्वतःच्यासुद्धा. बाबांनी ‘भोपळा’ सोडला, जरा खट्टू होऊन. आजी बधली नाही. आईला सगळ्यात जड गेलं. वाक्य अर्धवट गिळावं लागायचं. मोबाईल राहिला, पण मायलेकींनी मिळून बारीक होण्याची खाती बंद केली आणि मुलीनं महिला कबड्डीचे सामने शोधून काढले. नंतर एकदा मलाच समजावून सांगत होती की पकड करताना खरा जोर मांड्यांचा लागतो, हातांचा नाही. सरावाला ट्रॅक पँट चालेल का, हे तिनं स्वतः सरांना विचारलं. ते हो म्हणाले. सामन्याला हाफ पँट घालायला अजून तयार नाही, आणि मी घाई करत नाही.

सगळं घरातल्या घरात सुटत नाही. मुलगी जेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन उलटी काढत असेल, पाळी तीन महिने आली नसेल, चक्कर येत असेल, वजन झपाट्यानं उतरत असेल, तर समुपदेशकाच्या आधी डॉक्टरकडे न्या. जगणं नको असं म्हणत असेल तर तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.