वाचकांचे प्रश्न : सोन्या-स्टीलची ‘हायब्रिड’ निब घ्यावी का?

प्रश्न : मी मालवणजवळच्या गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. गेली चाळीस वर्षे शाईच्या पेनानेच लिहीत आलो आहे आणि आजही रोज दोन-तीन पाने लिहून होतात. अलीकडे एका विक्रेत्याने मला ‘हायब्रिड गोल्ड-स्टील’ निबचे पेन सुचवले. तेच पेन साध्या स्टीलच्या निबसह १,८०० रुपयांना आहे, हायब्रिड निबसह ५,५०० रुपयांना, आणि पूर्ण सोन्याची निब हवी असल्यास १६,००० रुपयांच्या पुढे. या निबमध्ये सोन्याचा मऊपणा आणि स्टीलची मजबुती दोन्ही आहेत, शिवाय आमच्या खाऱ्या हवेत ती गंजणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. यात तथ्य किती? पैसे घालावेत का? — एक वाचक, मालवण

उत्तर : या भावाला घालू नयेत. बाकीचे पेन तेच असेल, तर वरचे ३,७०० रुपये आपण जवळजवळ केवळ रंगासाठी मोजणार आहात.

‘हायब्रिड’ हे निबच्या एखाद्या ठरावीक प्रकाराचे नाव नव्हे. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की या निबमध्ये सोने नेमके कुठे आहे आणि किती आहे. बहुतेक वेळा असे निघते की निब स्टेनलेस स्टीलची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला आहे, आणि मधला काही भाग पांढरा ठेवल्यामुळे ती दुरंगी दिसते. दुरंगी निब म्हणजे भारी निब, हा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. पण रंगावरून धातू ओळखता येत नाही. पेलिकन या जर्मन कंपनीच्या एम ८०० या पेनाची दुरंगी निब खरोखर १८ कॅरेट सोन्याची असते आणि तिच्यावरचा पांढरा भाग हा वरून दिलेला मुलामा असतो. लॅमी २००० ची निब तर १४ कॅरेट सोन्याची असूनही प्लॅटिनमच्या मुलाम्यामुळे चक्क स्टीलची वाटते. सोन्याचा पत्रा आणि स्टीलचा पत्रा खरोखर एकमेकांवर दाबून बसवलेली निब विरळा. विक्रेत्याचा दावा तसा असेल, तर दोन्हींचे प्रमाण त्याने आकड्यांत सांगावे. त्याला ते सांगता आले नाही, तर मुलामाच समजून चालावे.

आता त्या मुलाम्याचा हिशेब पाहू. निबचा पत्रा साधारण पाव मिलिमीटर जाडीचा धरा. शोभेसाठी दिलेला सोन्याचा थर पुष्कळदा अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, म्हणजे पत्र्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतका. एवढ्या थराने स्टीलच्या वाकण्यात काडीचाही फरक पडत नाही. वजनाने पाहिले तर ते सोने जेमतेम काही मिलिग्रॅम भरेल; सराफाच्या पेढीवर त्याची कोणी दखलही घेणार नाही. तुलनेसाठी, १४ कॅरेटची निब अर्ध्या ग्रॅमची असेल तर तिच्यात सुमारे ०.२९ ग्रॅम शुद्ध सोने असते. (पूर्ण सोन्याच्या पेनाची किंमतही त्यातल्या सोन्याच्या भावाच्या पुष्कळ वर असते, हे जाता जाता नमूद करतो.)

मऊपणाचा मुद्दा अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. स्टील हे निबसाठी वापरल्या जाणाऱ्या सोन्याच्या मिश्रधातूपेक्षा साधारण दुप्पट ताठ असते, हे खरे. परंतु पत्र्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, स्टीलचा पत्रा पाचव्या हिश्श्याने पातळ केला की तो सोन्याच्या मूळ पत्र्याइतकाच लवतो. म्हणजेच निब मऊ असेल की खिळ्यासारखी ताठ, हे कारागीर तिची जाडी, खांद्यांचा आकार आणि टोकाकडे जाणाऱ्या मधल्या चिरेची लांबी कशी ठेवतो यावर अधिक ठरते. सोन्याच्या कित्येक आधुनिक निबा पुरेशा ताठ असतात. राहिला गुळगुळीतपणा, त्याच्याशी तर सोन्याचा आणि स्टीलचा दोघांचाही संबंध नाही. कागदाला जे टेकते ते टोकाला जोडलेल्या कठीण धातूच्या बारीक गोळीचे पॉलिश. त्या गोळीला आपण सवयीने इरिडियम म्हणतो, जरी आज तिच्यात बहुधा रुथेनियम, ऑस्मियम, टंगस्टन अशा धातूंचे मिश्रण असते. अठराशे रुपयांच्या निबची गोळी नीट घासलेली असेल, तर ती साडेपाच हजारांच्या निबपेक्षा सुरेख चालेल.

मग सोने वापरात आले कशासाठी? गंजासाठी. पूर्वीच्या शाया आम्लधर्मी असत; हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांपासून केलेली आपली जुनी काळी शाई साध्या लोखंडाला सावकाश खात असे, आणि सोन्यावर तिचा परिणाम होत नसे. इंग्लंडातल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने १९१३ मध्ये स्टेनलेस स्टील पुढे आणल्यानंतर हे कारण हळूहळू मागे पडत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत निबांसाठी सोने मिळेनासे झाले, तेव्हा पेलिकनने क्रोम-निकेल स्टीलच्या निबा बसवल्या आणि लोकांनी त्या निबांनी वर्षानुवर्षे लिहिले.

आपल्या प्रश्नातला खाऱ्या हवेचा भाग मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि विक्रेत्याचे म्हणणे नेमके तिथेच उलटे पडते. मासेमारीच्या ट्रॉलरला पाण्याखालच्या बाजूस, पंख्याजवळ, जस्ताचे ठोकळे बसवलेले आपण मालवणच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात पाहिले असतील. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून राहिले, की त्यांतला हलका मानला जाणारा धातू झिजतो आणि उच्च धातू सुरक्षित राहतो. जस्त तिथे मुद्दाम बळी दिलेले असते, म्हणून पंखा आणि दांडा टिकतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या निबमध्ये हाच न्याय लागू होतो, फक्त इथे बळी जाणारा धातू स्टील असतो. मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात, आणि चिरेच्या कडेला तो वापराने झिजतो. अशा ठिकाणी भोवती सोन्याचा मोठा पृष्ठभाग आणि मध्ये उघड्या स्टीलचा एक ठिपका अशी स्थिती होते, आणि झीज त्या ठिपक्यावरच एकवटते. त्यात समुद्रावरून येणारे मीठ म्हणजे क्लोराइड, आणि स्टेनलेस स्टीलला ‘स्टेनलेस’ ठेवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा क्लोराइडनेच फुटतो.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो आहे. मिरगाच्या सुमारास हिराकसाच्या जातीची, कायम टिकणारी निळी-काळी शाई भरून ठेवलेली दोन पेने मी आळसाने तशीच टेबलाच्या खणात ठेवली आणि नारळी पौर्णिमेनंतर उघडली. एकाची निब साधी स्टीलची होती, दुसरीवर सोन्याचा मुलामा होता. दहापट भिंगाखाली पाहिले तेव्हा मुलाम्याच्या निबवर चिरेच्या दोन्ही कडांना सोने उडून केसाएवढी राखाडी रेघ उघडी पडली होती, आणि चिरेच्या वरच्या टोकाला असलेल्या हवेच्या छिद्राच्या काठावर खसखशीच्या दाण्याहून लहान असा तांबूस ठिपका बसला होता. सुईने खरवडल्यावर तो निघाला, पण खाली खड्डा राहिला. साध्या निबवर वाळलेल्या शाईचा थर होता, तो कोमट पाण्याने धुऊन गेला. दोन निबांवरून नियम करणे बरोबर नाही, आणि चूक पेन तसेच टाकणाऱ्या माझीच. तरी ‘मुलामा म्हणजे गंजापासून संरक्षण’ हे वाक्य त्या दिवसापासून मला ऐकवत नाही. रोज लिहिणाऱ्या आणि पंधरा दिवसांनी पेन धुणाऱ्या माणसाला मुलाम्याच्या निबचीही भीती बाळगण्याचे कारण नाही, विशेषतः साधी रॉयल ब्लू शाई वापरत असल्यास.

म्हणून माझा सल्ला असा. अठराशेचे स्टीलचे पेन घ्यावे, पण दुकानात प्रत्यक्ष लिहून. सही करून पाहू नये, सहीत हात धावतो आणि निबचे दोष झाकले जातात. त्याऐवजी पेनावर मुळीच भार न देता एक ओळभर ‘ठ’ काढावेत. त्या गोलात निब चारही दिशांना फिरते, आणि तिच्या दोन पात्या खाली-वर असतील तर प्रत्येक ‘ठ’मध्ये ती एकाच जागी खरखरते. मग एक लांब शिरोरेघ ओढावी; मध्येच शाई तुटली तर निब आणि तिच्याखालची शाई पुरवणारी जीभ एकमेकांना नीट चिकटून बसलेल्या नाहीत. एवढे करूनही निब मनासारखी चालली नाही, तर काही शे रुपयांत ती जाणकाराकडून घासून घ्यावी. उरलेले पैसे तसेच ठेवून पुढे कधीतरी सोन्याची निब घ्यायची असेल, तर पेलिकनचे एम २०० लक्षात असू द्यावे: त्याची निब मुलाम्याच्या स्टीलची असते, पण ती पेचाने निघते आणि एम ४०० ची १४ कॅरेटची निब तिच्या जागी बसते. हायब्रिड आणि साध्या निबच्या किमतीत दोन-तीनशेच रुपयांचा फरक असता आणि पिवळा रंग आपल्याला आवडला असता, तर मी एवढे लिहिलेच नसते.

प्रश्न : पावसाळ्यात वहीवर शाई फुटते. सोन्याची बारीक निब घेतल्यास फरक पडेल का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : बारीक निबने पडेल, सोन्याने नाही. दमट हवेत कागद सर्द होतो आणि शाई तंतूंतून पसरते. स्टीलचीच एक्स्ट्रा फाइन निब आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली वही, एवढ्याने बहुतेक काम होईल.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या पेनाची निब पिवळी आहे. ती सोन्याची की मुलाम्याची, हे घरच्या घरी कसे ओळखावे? — एक वाचक, गुहागर

उत्तर : निब बाहेर काढून कोमट पाण्यात रात्रभर ठेवावी आणि वाळल्यावर भिंगाखाली तिच्यावरचा छाप वाचावा. १४ के, ५८५, १८ के किंवा ७५० असा आकडा असल्यास ती बहुधा सोन्याची. जुन्या निबांवर त्याच्या जोडीला ‘वॉरंटेड’ असेही असते. आकड्यापुढे ‘जीपी’ ही अक्षरे असतील तर तो मुलामा आहे. केवळ ‘इरिडियम पॉइंट’ लिहिलेले असेल तर ते टोकाच्या गोळीविषयी आहे, पत्र्याविषयी त्यातून काहीच कळत नाही. लोहचुंबक निबला चिकटला तर ती सोन्याची नाही हे नक्की, पण चिकटला नाही म्हणून ती सोन्याची ठरत नाही, कारण स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला दाद देत नाहीत. सराफाकडे नेल्यास कसोटीच्या दगडावर ती घासू देऊ नये. लावायचीच झाली तर पेनाच्या आत लपणाऱ्या शेपटाकडच्या कडेने लावावी, टोकाकडून कधीही नाही.