मिशन चालू असताना राउटर बंद केला तेव्हा

“मुलगा दर शनिवारी रात्री तीन-तीन तास कुठल्यातरी अनोळखी लोकांबरोबर युद्ध खेळतो. कानाला हेडफोन, हाक मारली तर ओ नाही. मॅडम, हे व्यसनच ना?”

हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे सतत येतो. त्याला एका शब्दात हो किंवा नाही म्हणता येत नाही, म्हणून एका घराची हकिकत सांगते. तिघांच्याही परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाचं नाव नको. खेळातल्या कामावरून त्याला मेडिक म्हणू, म्हणजे जखमी साथीदारांवर उपचार करणारा. वय १७.

आधी आई-वडील दोघेच आले. निमित्त असं घडलं होतं: रात्री पावणेअकराला वडिलांनी दोन-तीन हाका मारल्या, उत्तर आलं नाही, मग काही न बोलता जाऊन त्यांनी राउटर बंद केला. मुलगा खोलीबाहेर आला तो थरथरतच. वडिलांना नको ते बोलला, दार आपटलं आणि पुढचे चार दिवस घरात अवाक्षर काढलं नाही. “व्यसनी माणूस असाच वागतो, मी वाचलंय,” वडील म्हणाले. आईची काळजी वेगळी होती. दाराआडून तिला ‘मॅन डाऊन, मॅन डाऊन’ ऐकू यायचं. सांगणारा आवाज तिच्याच मुलाचा, आणि तोही अगदी थंड. “घरात तो इतकं स्पष्ट कधीच बोलत नाही हो,” ती म्हणाली. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

मेडिक एकटा भेटला तेव्हा मला वाटलं होतं, ‘नुसता गेम तर आहे’ असं म्हणून तो विषय झटकेल. बहुतेक मुलं तसंच करतात. हा खाली बघत म्हणाला, “माझ्यामुळे तिघं गेले.”

इथे खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर हे वाक्य वेडगळ वाटेल. तो खेळतो त्या प्रकाराला खेळणारे ‘मिलसिम’ म्हणतात, म्हणजे लष्करी सिम्युलेशन. खेळ आर्मा ३. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो २०१३ साली आणला. याच घराण्यातलं ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’ नावाचं सॉफ्टवेअर काही देशांची सैन्यं प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी वापरतात. दिसेल त्याला गोळी घाला, मेलात तर पाच सेकंदांत पुन्हा उठा, असला हा मामला नाही. खेळाडू ‘युनिट’ बांधतात, त्यात रँक असतात, हजेरी असते, आठवड्यात एखादं ट्रेनिंग असतं. को-ऑप मिशनमध्ये सगळी माणसं एका बाजूला आणि शत्रू संगणक चालवतो. आधी ब्रीफिंग, मग मिशन, शेवटी डीब्रीफिंग: कुठे चुकलं, कोण उघड्यावर गेला, रेडिओवर कोण फालतू बडबडत होता. अनेक युनिटं एकच जीव देतात. तुमचा माणूस मेला की उरलेली रात्र बघत बसायचं.

त्यात मेडिकचं काम नाजूक. खेळाडूंनीच बनवलेला एसीई नावाचा मॉड, म्हणजे खेळाला वरून जोडायचा भाग, लावला की जखमा फार तपशिलात जातात. रक्तस्राव थांबवायला टूर्निके, म्हणजे हातापायाला घट्ट आवळायचा पट्टा, मग बँडेज, रक्त फार गेलं असेल तर सलाईन, दुखण्यावर मॉर्फिन. पण मॉर्फिन वाजवीपेक्षा जास्त झालं की नाडी मंदावते आणि माणूस हातचा जातो. हे सगळं क्रमाने, अंधारात, गोळ्या चालू असताना. वडिलांनी बटण दाबलं तेव्हा मेडिकसमोर तिघं जखमी पडले होते. तो त्या शेतातून अक्षरशः नाहीसा झाला. बाकीच्यांना काय झालं ते कळलंच नाही, आणि रक्त जाऊन तिघंही संपले. प्रयोग रंगात असताना नटाला विंगेतून ओढून घरी नेलं तर तो काय हसतमुखाने येईल?

वडिलांशी त्याने जी भाषा वापरली तिचं मी समर्थन करत नाही. त्याबद्दल त्याला माफी मागावी लागली, आणि त्याने ती मागितलीही. पण तो उद्रेक व्यसनाचा पुरावा म्हणून धरायचा, तर वडिलांनी नेमकं काय बंद केलं होतं ते आधी समजून घ्यायला हवं होतं.

“मला दाखवशील का?” असं मी विचारलं, तर पुढच्या वेळी तो लॅपटॉपवर एका जुन्या मिशनचं रेकॉर्डिंग घेऊन आला. पालकांना मी हे नेहमी सुचवते आणि जवळजवळ कोणीच करत नाही: एक मिशन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मुलाच्या शेजारी बसून, मधे न बोलता बघा. मी बघितलं ते कंटाळवाणं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. निम्मा वेळ आठ-दहा जण रांगेत अंतर ठेवून डोंगर चढत होते. मधेच एक जण म्हणाला, “दोन मिनिटं, कुत्रा भुंकतोय, बघून येतो,” आणि अख्खी तुकडी झाडीत बसून त्याची वाट बघत राहिली. मग एकदम गोळ्या. रेडिओवर तीन आवाज एकमेकांवर चढले. तेवढ्यात लीडर म्हणाला, “चॅनल मोकळा करा. मेडिक, बोल.”

आणि हा माझ्यासमोर खांदे पाडून बसणारा मुलगा रेडिओवर म्हणत होता, “डाव्या पायाला टूर्निके लावलाय. मॉर्फिन नको, नाडी आधीच कमी आहे. सलाईन लावतोय. मला दोन मिनिटं कव्हर द्या.”

त्यांनी दोन मिनिटं दिली. कोणी घाई केली नाही, कोणी मधे बोललं नाही. रेकॉर्डिंग बघताना मेडिक स्क्रीनकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मानसशास्त्रात डेसी आणि रायन यांचा एक गाजलेला सिद्धांत आहे: माणसाला आपल्या मर्जीने काही करता यावं, आपल्याला काही जमतंय असं वाटावं आणि आपण कोणाचे तरी आहोत असं वाटावं, या तीन मूलभूत गरजा आहेत. रायन यांनी २००६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हीच कसोटी व्हिडिओ गेमना लावली होती. मेडिकला यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टी शनिवारी रात्री भरभरून मिळत होत्या. पहिलीची गडबड होती. ती मला अजून दिसली नव्हती.

आता व्यसनाचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे; ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तास मोजलेले नाहीत, आणि पालकांना याचंच सगळ्यात आश्चर्य वाटतं. बघायचं ते असं की, खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं खेळापुढे मागे पडत चालली आहेत का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं तसंच चालू आहे किंवा वाढतंय का. त्यामुळे घर, शिक्षण, नाती यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो, आणि हे चित्र साधारणपणे १२ महिने दिसावं लागतं. मेडिक शनिवारचं मिशन आणि मंगळवारचं ट्रेनिंग सोडून जवळजवळ खेळतच नव्हता. एकट्याने खेळायला त्याला मजा यायची नाही. अभ्यास बरा, झोप शनिवार सोडता ठीक, वर्गात मित्र मोजके पण होते. मी आई-वडिलांना स्पष्ट सांगितलं, हे त्या व्याख्येत बसत नाही.

हिंसेबद्दलही विचारलं होतं, त्यावर फार वेळ घालवत नाही. मुलाच्या बोलण्यात दुसऱ्याला दुखावण्याची मजा आहे का, दुबळ्याशी तो कसा वागतो, हे मी बघते. इथे तसं काही नव्हतं. आईला मात्र त्यानेच एकदा समजावलं की, याच खेळाला २०१७ साली ‘लॉज ऑफ वॉर’ नावाची जोड आली. तिच्यात तुम्ही सैनिक नसता, मदतसंस्थेसाठी सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब निकामी करणारा माणूस असता, आणि ती बनवताना रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा सल्ला घेतला होता. आई म्हणाली, “मग तेच खेळ ना.” तो हसला. मी पहिल्यांदाच त्याला हसताना बघितलं.

इथे प्रकरण संपलं असतं. पण जाता जाता आई बोलून गेली, “अहो, मागे १०२ ताप होता, तरी बसला होता खेळायला.”

पुढच्या सत्रात मी विचारलं. तो म्हणाला, “दुसरा मेडिक नव्हता.”

“येत नाही असं कळवलं असतंस तर?”

बराच वेळ गप्प. मग, “तसं कधी कळवलं नाहीये.”

युनिटमध्ये रजेची सोय होती. आधी एक ओळ टाकायची, झालं. बाकीचे टाकायचे. याने कधीच टाकली नव्हती. मग हळूहळू बाकीचंही निघालं. वर्गातल्या दोघांचे प्रकल्प हाच करून द्यायचा. वडिलांनी ठरवलेल्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला ‘बरं’ म्हणाला होता आणि तो क्लास त्याला नको होता. घरातली ती चार दिवसांची चुप्पी रागाची होतीच, पण या मुलाकडे नाही म्हणण्याचा तेवढा एकच मार्ग होता. जिथे लोक त्याचं ऐकतात अशी एकच जागा त्याला सापडली होती, आणि तिथेही तो नकार देऊ शकत नव्हता. आई-वडील ज्याला खेळाची ओढ समजत होते, तिच्यात बरीचशी भीती होती: मी एकदा गेलो नाही तर त्यांना माझी गरज राहणार नाही.

म्हणून आम्ही रजेचा अर्ज लिहायला बसलो. पहिला मसुदा अख्खं पान होता. घरची अडचण, तब्येत, तीन वेळा सॉरी, पुढच्या वेळी नक्की, बदली मेडिक मीच शोधून देतो. मी म्हटलं, “रेडिओवर असं बोललास तर?” तो म्हणाला, “लीडर म्हणेल चॅनल मोकळा कर.” मग तो स्वतःच एकेक वाक्य खोडत गेला. शेवटी उरलं: ‘या शनिवारी मी नाही. पुढच्या शनिवारी आहे.’ पाठवायच्या बटणावर बोट ठेवून तो किती वेळ बसला होता ते मी घड्याळात बघितलं नाही. उत्तर रात्री आलं. त्याने मला स्क्रीनशॉट दाखवला: ‘ओके. नोंद केली.’ त्याला जरा वाईटच वाटलं. एवढी साधी गोष्ट असेल असं वाटलं नव्हतं.

सगळीकडे असं साधं उत्तर येत नाही, हेही सांगायला हवं. गैरहजर राहिलं की सगळ्यांसमोर व्हॉइस चॅनलवर पाणउतारा करणारी, रँक काढून घेणारी, अल्पवयीन मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री बसवणारी युनिटं मी मुलांकडून ऐकली आहेत. तिथे मी मुलाला बाहेर पडायला मदत करते. को-ऑप खेळणारी दुसरी युनिटं असतात. तसंच तुकडीतली मोठी माणसं वेगळ्या खासगी गप्पा, फोटो किंवा पैसे मागत असतील, तर समजुतीच्या गोष्टी बाजूला ठेवून ताबडतोब थांबवायचं आणि पुरावे जपून ठेवायचे. मेडिकच्या बाबतीत असं काही नाही, हे आम्ही आधीच तपासून घेतलं होतं.

घरासाठी ठरलं ते साधं होतं. मिशनच्या तारखा आणि संपण्याची वेळ तो आधी सांगणार. मिशन लांबतातच, म्हणून वर अर्धा तास धरायचा. त्यानंतर मात्र डीब्रीफिंग सोडून उठायचं. जेवण आधी. आणि तातडीचं असेल तर आईने खोलीत जाऊन खांद्याला हात लावायचा, म्हणजे तो रेडिओवर सांगून बाजूला होईल. राउटरला कोणी हात लावायचा नाही. वडील वैतागले. “घरात पोराशी बोलायला वेळ घेऊन जायचं का?” मी म्हटलं, तीन तासांपुरतं हो. त्यांनी मान्य केलं, पण त्यांना पटलं असं काही मला वाटलं नाही, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. शनिवारची कटकट मिटली होती, एका शनिवारी मुलगा स्वतःहून खेळला नव्हता. पण आवाजात तक्रार होती. “मॅडम, तो आता म्हणतो, तो क्लास मला करायचा नाही. सरळ तोंडावर. कारणंसुद्धा दोनच दिली. तुम्हीच शिकवलंत ना हे?”

मी हो म्हटलं. क्लासचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यासाठी तिघं एकत्र येणार आहेत.