ट्रॅक्टरच्या रंगातले दोष : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : बॉनेटला दुसरा हात मारला आणि थोड्याच वेळात रंग फुगून सुरकुतला. पहिला हात दोन दिवसांपूर्वीचा. दोन्ही वेळा सिंथेटिक एनॅमलच होते, पातळ करायला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर. चूक कुठे?

थिनरमध्ये आणि दिवसांत. सिंथेटिक एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते. दोन दिवसांत वर साय धरते, आत रंग मऊच राहतो. एनसी थिनर तीव्र असतो. तो साय भेदून खालचा थर फुगवतो. दुसरा हात डब्यावर दिलेल्या वेळेत मारा, नाहीतर आठवडाभर थांबून, 400 नंबरचा पाणीपेपर (पाण्यात भिजवून घासायचा पेपर) फिरवून. पातळ करायला त्याच रंगाचा थिनर किंवा टर्पेंटाइन वापरा.

आता सुरकुतलेल्या भागावर तिसरा हात मारू नका, तोही उठेल. रंग कडक होऊ द्या, मग सुटलेला भाग पत्र्यापर्यंत खरवडा, कडा 180 आणि 320 नंबरने उतरत्या करा, प्रायमर द्या.

जुन्या रंगाची जात ठाऊक नसेल तर एनसी थिनरचा बोळा कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर एनसी, सुरकुतला तर सिंथेटिक, ढिम्म राहिला तर बहुधा हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळून मारायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. सिंथेटिकवर पीयू मारायचा मोह टाळा. पीयूची चमक हवी असेल तर पत्रा उघडा करूनच कामाला लागा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो.

प्रश्न : मडगार्डवर रंग जागोजागी गोल मागे सरकतो, खड्ड्यात प्रायमर दिसतो. डिझेलने स्वच्छ पुसले होते.

ते डिझेलच नडले असणार. ग्रीस काढायला डिझेल उत्तम, पण ते स्वतः तेलकट थर सोडते. त्यानंतर गरम पाणी आणि डिटर्जंटने धुणे भागच आहे. धुतल्यावर पत्र्यावर पाणी सलग पसरले तर ठीक. थेंब गोळा झाले तर तेल आहे, पुन्हा धुवा. वाळल्यावर ग्रीस रिमूव्हर एका फडक्याने लावा आणि ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. एकच फडके फिरवले तर तेल फक्त जागा बदलते. आणि हे सगळे घासण्याच्या आधी. नाहीतर पेपर तेल ओरखड्यांत दाबून बसवतो.

मडगार्डला टायर पॉलिशचे सिलिकॉनही चिकटलेले असते. एवढे करूनही खड्डे पडलेच तर कॉम्प्रेसर तपासा. टाकीतले पाणी रोज सोडा, रंग फवारायच्या गनच्या आधी फिल्टर बसवा, पांढऱ्या कागदावर नुसती हवा मारून तेलाचे ठिपके पडतात का बघा. ओतीव गिअरबॉक्सवर मात्र आधी गळके ऑइल सील बदला. तिथे रंगारी काही करू शकत नाही.

रंग ओला असेल तर तिथल्या तिथे पुसून काढा. वाळला असेल तर खड्ड्याच्या तळापर्यंत घासा, पुन्हा पुसा, आधी भुरभुरता हलका हात आणि तो चिकट झाल्यावर पूर्ण हात. खड्डा रंगाने भरू पाहाल तर त्याच जागी पुन्हा उघडेल.

प्रश्न : रिमवर ओघळ आले, बॉनेट मात्र संत्र्याच्या सालीसारखे. रंग तोच, गन तीच.

रिमच्या वळणात गन जवळ येते आणि हात रेंगाळतो. बॉनेटवर ती लांब राहते, थेंब पसरण्याआधीच सुकतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर लगेच. अंतर 15 ते 20 सेंटिमीटर ठेवा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवा. रंग बी-4 कपातून (रंगाचा पातळपणा मोजायचा, तळाला भोक असलेला कप) साधारण 20 सेकंदांत गळावा. एनॅमलचा ओघळ आत कित्येक दिवस ओला राहतो. नख रुतेनासे झाल्यावरच कडक ठोकळ्यावर 400, मग 600 नंबर, साबणपाण्याने. त्यावर पातळ हात. संत्र्याच्या सालीलाही हाच उपाय.

प्रश्न : पावसाळ्यात एनसी रंगावर पांढुरकी झाक आली.

थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते. कोरड्या दुपारी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा हलका फवारा द्या. झाक बहुतेक वेळा जाते.

प्रश्न : लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेल्या जागी चार महिन्यांत फोड आले.

फोड फोडून बघा, खाली गंज मिळेल. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते, म्हणून ती उघडी असताना पाणीपेपर वापरायचा नाही, कोरडी घासायची. जाडी 2-3 मिलिमीटरच्या आत. गंज चकाकत्या पत्र्यापर्यंत काढा, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्या. नुसत्या प्रायमरवर ट्रॅक्टर पावसात उभा ठेवू नका.