‘तो फार तापट झाला आहे’ : कर्णबधिर मुलगा आणि त्याच्या घरातील बोलणे

घरातील कर्णबधिर मुलगा किंवा मुलगी वयात आल्यावर इतकी चिडखोर का होते, आणि ऐकू येत नसल्यामुळे माणसाचा स्वभावच तापट होतो हे खरे आहे का, असा प्रश्न गावाकडची कुटुंबे मला वारंवार विचारतात. स्वभावाचा आणि कानाचा असा काही संबंध नाही. तरीही राग खरा असतो आणि त्याला कारणही असते. ते कारण यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

विशीतल्या मुलाला घेऊन आई-वडील आले होते. मुलगा जन्मतः कर्णबधिर, निवासी विद्यालयात दहावीपर्यंत शिकलेला आणि त्यानंतर घरच्या वावरात राबणारा. आदल्या आठवड्यात त्याने भरले ताट भिंतीवर फेकले होते आणि तेव्हापासून तो गोठ्यातच झोपत होता. “ताई, ऐकू न येणारे लोक असेच तापट असतेत का?” वडिलांनी विचारले. मुलगा समोरच बसला होता आणि आपल्याविषयीच काहीतरी चालले आहे हे ओळखून एकदा वडिलांच्या, एकदा माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी त्याला काय झाले असे विचारले आणि आईने ते खुणेने त्याच्यापर्यंत पोहोचवले. तो बराच वेळ दोन्ही हातांनी सांगत राहिला, चेहराही त्या हातांबरोबर बदलत होता. आईने त्या सगळ्याचा अर्थ सांगितला : “बैलाचं म्हणते.” इतक्या बोलण्याचा अर्थ एवढाच असणे शक्य नव्हते. म्हणून मुलाच्या संमतीने त्याच्या विद्यालयातील एका शिक्षिकेला व्हिडिओ कॉल लावला. त्यांना सांकेतिक भाषा उत्तम येते.

त्यानंतर जे समजले ते असे. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी घरची बैलजोडी विकली होती. विकायचे ठरल्यापासून व्यापारी येईपर्यंत घरात आणि शेजारीपाजारी त्याचीच चर्चा होती, परंतु त्या बैलांचा चारापाणी रोज करणाऱ्या मुलाला मात्र वावरातून परतल्यावर रिकामा खुंटा पाहून ते कळले. बहिणीच्या शिक्षणाला त्याचा मुळीच विरोध नव्हता. “मला विचारले असते तर मीच दोर सोडून दिला असता,” असे त्याने शिक्षिकेमार्फत सांगितले. वडील म्हणाले, “त्याले सांगून काय फायदा, त्याले थोडीच समजते.” हे ते कठोरपणे बोलले नाहीत. वीस वर्षे त्यांची खरोखरच तशी समजूत होती.

ताट का फेकले, याचेही उत्तर मिळाले. रात्री सगळे जेवायला बसले की गप्पा होतात, कोणी हसते, कोणी गंभीर होते. तो बहिणीला कोपराने डिवचून काय झाले असे विचारतो, तेव्हा ती “नंतर सांगते” अशी खूण करते. आईला विचारले तर ती उजवा पंजा हवेत उलटा करते, म्हणजे ‘काही नाही’. ते नंतर कधी येत नाही. लहानपणापासून दिवसातून कितीतरी वेळा हा उलटा पंजा पाहिलेला माणूस एके दिवशी चिडतो, यात मला आश्चर्य वाटत नाही. ऐकणारी माणसे घरातील कितीतरी गोष्टी कोणी मुद्दाम न सांगताच शिकतात. कोणाची सोयरीक मोडली, सोसायटीचे कर्ज किती थकले, आजोबांना कोणता आजार होता, हे सारे कानावर पडत असते. कर्णबधिर मुलाच्या कानावर काही पडत नाही. जे त्याच्याकडे तोंड करून सांगितले जाते तेवढेच त्याचे.

येथे अनेक पालक म्हणतात की आमचा मुलगा ओठांवरून सगळे ओळखतो. तो पुष्कळसे अंदाजाने ओळखतो. आरशासमोर आवाज न करता ‘माय’, ‘बाय’, ‘पाय’ म्हणून पाहावे. तिन्ही शब्दांना ओठ सारखेच मिटतात. क, ख, ग हे तर घशाजवळ उच्चारले जातात, ते बाहेरून जवळजवळ दिसतच नाहीत. त्यात या कुटुंबातील वडिलांच्या मिशा ओठांवर आलेल्या, गालात खर्रा, आणि उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा. अशा माणसाचे बोलणे ओठांवरून वाचणे कोणालाही जमणार नाही. श्रवणयंत्रानेही आवाज मोठा होतो, पण तीव्र कर्णबधिरत्वात शब्द स्पष्ट होतीलच असे नाही.

मुलाच्या बुद्धीविषयी घरच्यांना शंका होती, कारण त्याने व्हॉट्सॲपवर बहिणीला ‘बैल विकला कोण’ असे लिहिले होते. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द साधारणपणे शेवटी येतो. तो आपल्या भाषेच्या क्रमाने मराठी लिहीत होता, आणि ने, ला, चा हे प्रत्यय त्याने कधी ऐकलेलेच नाहीत. घरच्यांना मी हे समजावत असताना बहिणीने मोबाईल काढून त्याचे जुने संदेश पुन्हा वाचायला सुरुवात केली.

आजीची काळजी वेगळी होती. हातवारे वाढवले तर जे दोन-चार शब्द तोंडाने बोलतो तेही जातील, असे तिला वाटत होते. ही भीती सर्वत्र आढळते, आणि ती निराधार आहे. खुणांमुळे बोलणे जात नाही. उलट लहान वयात कोणतीच भाषा पुरेशी न मिळणे हे सर्वांत मोठे नुकसान असते. म्हणून ज्यांच्या घरी कर्णबधिर बाळ आहे त्यांनी श्रवणयंत्र, वाचा उपचार यांच्याबरोबरच पहिल्या दिवसापासून खुणांची भाषाही सुरू करावी, दोहोंपैकी एकाची वाट पाहू नये.

या कुटुंबाकडे स्वतःच्या खुणा होत्याच. बोटांच्या टोकांनी बोंड उपसल्यासारखे केले की कापूस वेचणी, मिशीवर बोट फिरवले की बाबा. अशा घरगुती खुणा मौल्यवान असतात, पण त्यांत ‘आज काय काम’ एवढे सांगता येते. ‘फी भरायची आहे, दुसरा मार्ग नाही, तुझे काय मत’ हे सांगता येत नाही. त्यासाठी पूर्ण भाषा लागते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2021 मध्ये आपल्या शब्दकोशाची 10,000 शब्दांची आवृत्ती काढली आणि त्याचे व्हिडिओ मोबाईलवर मोफत पाहता येतात. बहिणीने त्यावरून शिकायला सुरुवात केली. मात्र शिकवणारा मुख्यतः तोच असावा, असा मी आग्रह धरला, कारण घरात ती भाषा येणारा तो एकटाच होता.

वडिलांना मी खुणांची मोठी यादी दिली नाही. चाळीस वर्षे विळा-वखर धरलेल्या बोटांना ती लवकर साधली नसती. त्यांच्याशी इतकेच ठरले की बोलण्याआधी खर्रा थुंकायचा, मुलाच्या खांद्याला हात लावून समोर बसायचे, आणि पैशाची, जमिनीची किंवा सोयरिकीची कोणतीही गोष्ट पक्की होण्याआधी ती बहिणीच्या मदतीने त्याला सांगायची. रात्रीचे जेवण दिव्याखाली घ्यायचे हेही ठरले, कारण अंधारात त्याच्यापुरते बोलणे बंदच होते.

मुलाचा राग पूर्ण गेलेला नाही. तो गोठ्यातून घरात झोपायला आला, पण ‘नंतर सांगते’ ही खूण दिसली की अजूनही उठून जातो, आणि आईची ती सवय सुटायला वेळ लागतो आहे. दरम्यान तूर विकायला वडील त्याला बाजार समितीत सोबत घेऊन गेले. भाव अडत्याने कागदावर लिहून दाखवला आणि मुलाने मान हलवून नकार दिला. वडिलांनी त्या दिवशी तूर विकली नाही. आता बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू होत आहेत. पाहुणे येतील तेव्हा त्याला वावरात न पाठवता बैठकीत बसवायचे की नाही, यावर घरात मतभेद आहेत, आणि पुढच्या भेटीला आजीलाही घेऊन यावे असे मी सांगितले आहे.