गिनीच्या जुन्या तबकड्यांचे आकर्षण

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाच्या नृत्यासाठी वाजवणाऱ्या वाद्यवृंदांची १९६०-७० च्या दशकांतील ध्वनिमुद्रणे अलीकडे ऐकण्यात आली. शब्द कळत नाहीत, आवाजही खरखरीत आहे, तरी ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटतात. ही केवळ जुन्या तबकड्यांची हौस म्हणावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हौस असेलही, पण आपला कान धरून ठेवला आहे तो बहुधा गिटारने. मांदिंग या पश्चिम आफ्रिकी समाजांच्या परंपरेत वंशावळी आणि स्तुतिगीते गाणाऱ्या ग्रिओ घराण्यांनी एकवीस तारांचा कोरा आणि लाकडी पट्ट्यांचा बालाफोन पिढ्यान्‌पिढ्या जपला. गिनीच्या ‘बेम्बेया जाझ’ वृंदाचे सेकू दियाबाते अशाच घराण्यातले; त्यांनी विजेच्या गिटारवर बालाफोनचे झरझर उतरत येणारे स्वर आणले. त्याखालची लय मात्र पुष्कळदा क्युबाची असते. १९३० च्या दशकापासून क्युबन संगीताच्या तबकड्या या किनाऱ्यावर येत होत्या, आणि त्यांतील तालांचे मूळ गुलामांबरोबर अटलांटिकपार गेलेल्या आफ्रिकी वादनात असल्यामुळे ते तेथे फारसे परके वाटले नाहीत.

या संगीतामागे सरकारचा पैसा होता. १९५८ साली फ्रान्सपासून स्वतंत्र झाल्यावर अध्यक्ष सेकू तुरे यांनी युरोपीय धाटणीचे खासगी वृंद बंद करून सरकारी वृंद उभारले, वादकांना पगार दिला आणि ‘सिलिफोन’ ही सरकारी ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. पोटाची चिंता मिटल्याने तालमीला भरपूर वेळ मिळाला, आणि वृंदाची घट्ट वीण ऐकताना तो वेळ जाणवतो. मोबदला मात्र स्तुतीच्या रूपाने द्यावा लागे. बेम्बेयाची १९६९ ची, तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारी प्रसिद्ध रचना फ्रेंचांशी लढलेल्या सामोरी तुरे यांची गाथा सांगते. अध्यक्ष स्वतःला त्यांचेच वंशज म्हणवीत. त्याच वर्षी ‘ले बाले आफ्रिकें’ या नृत्यसंस्थेचे संस्थापक आणि माजी मंत्री फोदेबा केइता यांचा राजधानी कोनाक्रीतील बोइरो या याच राजवटीच्या राजकीय तुरुंगात अंत झाला. माझ्या मते हे ठाऊक असूनही ही रचना थोरच ठरते, पण तिच्यातला जयघोष मग निर्धास्तपणे ऐकवत नाही.

राहिली खरखर. ती बऱ्याचदा झिजलेल्या तबकडीची असते, मूळ मुद्रणाची नव्हे. गिनीच्या सरकारी नभोवाणीच्या टेपांवरील नऊ हजारांहून अधिक गाणी ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने जतन झाली आहेत, तेव्हा शक्यतो टेपवरून काढलेली प्रत मिळवावी. केलेतिगी आणि बाला यांचे दोन वृंदही जरूर ऐकावेत. गिनीबाहेर जायचे झाल्यास सेनेगलची राजधानी डाकार येथील ‘ऑर्केस्ट्रा बाओबाब’ची १९८२ ची मुद्रणे घ्यावीत. तेथील गिटारवादक बार्तेलेमी आतिसो टोगोहून कायदा शिकायला आले होते आणि वृंद मोडल्यावर परत जाऊन वकिली करू लागले. त्यांची गिटार दियाबाते यांच्याहून संथ आणि अधिक क्युबन वळणाची आहे.