विचारा तं खरं : वर्ल्ड कपच्या टीमा महिनाभर करतात काय?

जून २०२६ तोंडावर आला. ११ तारखेपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत फुटबॉलचा वर्ल्ड कप, आणि यंदा पहिल्यांदाच ४८ टीमा. मागच्या अंकात आम्ही "फुटबॉलवर काही विचारायचं असेल तं पाठवा" एवढंच छापलं होतं, वाटलं आपला भाग क्रिकेटवाला, दोन-चार पत्रं येतील, तं ढीगच लागला. सगळ्यांना जागा नाही. मेस्सी मोठा का रोनाल्डो मोठा हे विचारणारे बरेच होते, त्यांनी माफ करा, त्यावरून घराघरात भांडणं आधीच चालू आहेत, मी त्यात तेल टाकत नाही.

पोरगा सांगून राहिला का वर्ल्ड कपच्या आधी टीम कॅम्पात बसते. ज्याला आधीच खेळता येते त्याला तिथं शिकवतात तरी काय? – एक शेतकरी, ता. दारव्हा

शिकवत नाहीत दादा. खेळाडू घडतो क्लबात, दर आठवड्याला मॅच, वर्षाचे नऊ-दहा महिने. देशाच्या कोचला हीच पोरं वर्षातून चार-पाच वेळा मिळतात, दर वेळी आठ-दहा दिवस, त्यातच दोन मॅच आणि विमानाचे प्रवास, मंग हातात राहते काय. म्हणून स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन आठवडे त्याच्यासाठी सोन्याचे. आपल्याकडं खंजिरी भजनाचं मंडळ सप्ताहाच्या आधी दोन रात्री एकत्र बसते, खंजिरीवाल्याला खंजिरी येते, पेटीवाल्याला पेटी येते, बसायचं कशासाठी तं कोण कुठं उचलणार आणि कोण कुठं थांबणार यासाठी. कॅम्प म्हणजे तेच.

पहिले काही दिवस तर बरेच जण नुसता आराम करतात, हे ऐकून तुमच्या पोराला नवल वाटेल. युरोपातला सीझन मे अखेर संपते आणि तोवर पायांचं पार भुस्काट झालेलं असते. रक्त तपासा, स्नायू तपासा, छातीला जीपीएसवालं जाकीट बांधून कोण किती पळाला ते मोजा, मंग ज्याचं पळणं जास्त झालं त्याला थांबवा. यादीचंही गणित आहे, आधी ३५ ते ५५ जणांची लांब यादी फिफाकडं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडं द्यायची, मंग त्यातून जास्तीत जास्त २६, त्यात ३ गोलकीपर पाहिजेच. नंतर कोणी जखमी झाला तं पहिल्या मॅचच्या २४ तास आधीपर्यंत बदलता येते, त्यानंतर फक्त जखमी गोलकीपर.

खरी मेहनत होते ती कॉर्नर आणि फ्री किकवर. कारण थोड्या दिवसात पाठ करून घेता येईल अशी हीच गोष्ट आहे. २०१८ ला रशियात इंग्लंडनं १२ गोल मारले, त्यातले ९ अशा थांबलेल्या बॉलवरून, म्हणजे कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी. पेनल्टी शूटआउटची, म्हणजे बरोबरी सुटली नाही तं पेनल्टी मारून निकाल लावतात त्याची, तं त्यांनी वेगळी तयारी केली होती आणि कोलंबियाला हरवून वर्ल्ड कपातलं पहिलं शूटआउट जिंकले, त्याच्या आधी तीनदा तिथंच आपटले होते.

आणि एक डोकेदुखी कोणी सांगत नाही, ती म्हणजे २६ जणांत खेळतात ११, बाकी १५ जणांचं तोंड वाकडं होऊ द्यायचं नाही. २०१० ला साउथ आफ्रिकेत फ्रान्सच्या टीममध्ये कोचशी वाजलं, अनेल्का नावाच्या खेळाडूला घरी पाठवलं, तं बाकीचे प्रॅक्टिसला आले आणि बसमध्ये जाऊन बसले, उतरलेच नाहीत. चार वर्षांआधीची फायनल खेळलेली टीम, एक मॅच बरोबरीत आणि दोन हरून गाशा गुंडाळून गेली. आपल्या गावच्या गणपती मंडळात होते ना, तसंच, फक्त टीव्हीवर.

पेपरात वाचलं का अमेरिकेतल्या गर्मीची टीमांना भीती वाटून राहिली. आमच्याकडं मे महिन्यात ४६ डिग्री असते, तरी पोट्टे दुपारी बारा वाजता ग्राउंडवर. मंग आमचे पोट्टे त्यांच्यापेक्षा दणकट म्हणायचे का? – ता. वरोरा, जि. चंद्रपूर

सवयीचे आहेत, तेवढं नक्की. पण बारा वाजता ग्राउंडवर सोडू नका, आधीच सांगतो.

थंड देशातला माणूस एकदम उन्हात पळाला तं शरीर गडबडते. रोज थोडं थोडं उन्हात पळवलं तं साधारण दहा ते चौदा दिवसात शरीर जमवून घेते, घाम लवकर सुटायला लागते, घामातून मीठ कमी जाते, रक्तातलं पाणी वाढते म्हणून छातीवरचा ताण कमी होते. म्हणूनच टीमा आठवडा-दोन आठवडे आधी तिकडं जाऊन पडतात. यावेळी फिफानं प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा पाणी ब्रेक ठेवला आहे, ऊन असो नसो, सगळ्याच मॅचमध्ये. १९९४ ला याच अमेरिकेत वर्ल्ड कप झाला तेव्हा फायनल भर दुपारी साडेबाराला लावली होती, काऊन तं युरोपातल्या लोकांना संध्याकाळी टीव्हीवर पाहता यावी. पळणाऱ्याचा विचार टीव्हीच्या मागून. त्याच वर्षी ऑर्लँडोत आयर्लंडचा कोच जॅक चार्लटन पाण्यावरून अधिकाऱ्यांशी भांडला होता. आता डॅलस, ह्यूस्टन, अटलांटाच्या स्टेडियमला छप्पर आणि एसी आहे, पण सगळीकडं नाही.

उन्हासारखंच उंचीचं. पहिली मॅच मेक्सिको सिटीत, ते शहर २,२०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट. हवा पातळ, दम लवकर लागते आणि बॉल हवेत जास्त वेगानं जाते, गोलकीपर फसते. त्याचीही सवय करावी लागते आणि ती दोन दिवसात होत नाही.

तुमच्या पोट्ट्यांची प्रॅक्टिस सकाळी सातच्या आत संपवा नाहीतर ऊन उतरल्यावर लावा. पाणी तहान लागायच्या आधी, सोबत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. कोणाला चक्कर, उलटी, भलतीच बडबड सुरू झाली का खेळ बंद, सावली, अंगावर ओलं फडकं, पंख्याची हवा आणि १०८ ला फोन. खिशात कांदा ठेवायचा असेल तं ठेवा, माझी आजीही ठेवायला लावायची, पण कांद्याच्या भरवशावर कोणाला पळवू नका.

१९५० ला आपली टीम वर्ल्ड कपात जाणार होती पण आपले लोक अनवाणी खेळत म्हणून फिफानं रोखलं, हे खरं का? आणि आता १४० कोटी लोकांतून अकरा जण काऊन नाही मिळत? – निवृत्त ग्रामसेवक, ता. देवळी, जि. वर्धा

काका, अनवाण्याची गोष्ट गोड आहे पण खरी नाही. आपल्या गटातल्या बाकी टीमांनी नावं मागं घेतली म्हणून जागा आपोआप मिळाली होती, गेलो नाही ते आपल्याच लोकांच्या निर्णयानं. ब्राझीलचा लांबचा प्रवास, तयारी अपुरी, आणि तेव्हा आपल्याकडं ऑलिंपिकलाच मोठं समजत, वर्ल्ड कपला नाही. अनवाणी आपण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलो हे मात्र खरं, फ्रान्सशी १-२ नं हरलो आणि दोन पेनल्टी हुकवल्या.

त्यानंतरचं लोक विसरले ते सांगतो. सय्यद अब्दुल रहीम नावाचे हैदराबादचे शाळामास्तर १९५० पासून टीमचे कोच. १९५१ च्या दिल्लीतल्या एशियन गेम्समध्ये गोल्ड. १९५६ ला मेलबर्नला ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ हरवलं, नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, आणि आपण चौथे आलो. १९६२ ला जकार्ताचे एशियन गेम्स, तिथं तं कहरच. पहिलीच मॅच साउथ कोरियाकडून ०-२ हरलो. पुढं जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. तो डिफेन्सचा माणूस, आता मागं उभा राहून सारखा हेडर मारणं शक्य नाही, म्हणून रहीम साहेबांनी त्याला पुढं फॉरवर्डला लावला, आणि त्यानं सेमीफायनललाही गोल मारला आणि फायनललाही. फायनल त्याच कोरियाशी, प्रेक्षक पूर्ण विरोधात, कारण इस्रायल आणि तैवानला बोलावलं नाही यावर आपल्या एका अधिकाऱ्यानं आक्षेप घेतला होता त्याचा राग. २-१ जिंकलो. रहीम साहेब तेव्हा कॅन्सरनं आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले.

आता १४० कोटींचं. लोकसंख्या खेळत नाही काका, जे रोज मॅच खेळतात ते खेळतात. यंदा कुरासाओ नावाचं बेट आलं आहे वर्ल्ड कपात, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, वर्ल्ड कपला पोचलेला सगळ्यात छोटा देश. त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये वाढले, तिथल्या क्लबात लहानपणापासून शिकले, कोचनं फक्त जुळवले. आपल्याकडं उलटं, आपण जुळवायच्या दिवसात घडवायला बसतो. आणि जुळवायलाही दिवस देत नाही. आशियाई कपसाठी आपली टीम ३० डिसेंबर २०२३ ला दोह्यात उतरली आणि १३ जानेवारीला पहिली मॅच, तीही ऑस्ट्रेलियाशी. तीन मॅच, तीन हार, गोल एकही नाही. मंग ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई कपचा रस्ताच बंद. त्याच सीझनला देशातली मोठी लीग पैशाच्या कराराच्या घोळात महिनोन्महिने लटकली. ज्या पोरांना मॅचच नाही त्यांना कॅम्पात आणून कोच काय करणार, आरती?

कोच बदला, कोच बदला हे मलाही ऐकू येते. एवढे बदलले, काय झालं?

आमच्या मुलीची उंची चांगली आहे, शाळेच्या टीममध्ये खेळते, वय १३. इंडिया कॅम्पला निवड करून देतो म्हणून एक जण पैसे मागून राहिला. द्यावे का? – एक आई, ता. धानोरा, जि. गडचिरोली

नाही ताई, एक रुपया देऊ नका. इंडिया कॅम्पची निवड पैसे भरून होत नाही. मेसेज जपून ठेवा आणि तालुका क्रीडा संयोजकाला दाखवा.

रस्ता सरळ आहे, फक्त लांब. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा वर जातात, सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेतही १७ वर्षांखालच्या मुलींचा गट आहे. सोबत क्रीडा प्रबोधिनीच्या, म्हणजे सरकारी निवासी क्रीडा शाळेच्या चाचण्यांची तारीख जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारत राहा. जन्माचा दाखला आणि आधारवरची तारीख एक आहे ना ते आजच पाहा, त्यात फरक असला तं चांगल्या मुली घरी परत येतात, आणि वय चोरायचं तं मनातही आणू नका, हाडं तपासतात. नागपुरात स्लम सॉकर २००१ पासून चालू आहे, विजय बारसे सरांचं, झोपडपट्टीतल्या मुला-मुलींसाठी, तिथून पोरं होमलेस वर्ल्ड कपला देशाकडून खेळून आली.

आणि मुलींकडून आशा आहे, उगाच नाही सांगत. जुलै २०२५ ला आपल्या बायांनी थायलंडमध्ये जाऊन थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी खेळून आशियाई कप गाठला. त्याच वर्षी २० खालच्या आणि १७ खालच्या मुलींनीही आपापला आशियाई कप गाठला. २०२२ ला हाच बायांचा कप मुंबई-पुण्यात होता, तेव्हा कोरोनामुळं आपल्या टीमला १३ खेळाडू उभे करता आले नाही आणि स्पर्धा सोडावी लागली. यजमान आपण आणि बाहेरही आपणच. तिथून इथवर आल्या.

एक काम मात्र नक्की करा. तुमच्या भागात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे, मुलीची तपासणी झाली नसेल तं पीएचसीत करून घ्या. नुसती वाहक असली तं बहुतेक जणी खेळू शकतात, पण पाणी भरपूर, एकदम दमछाक नाही, ऊन आणि उंचीवर जास्त सांभाळायचं, आणि हे कोचला माहीत पाहिजे. आजार असेल तं डॉक्टर सांगतील तेच. जेवणाचं म्हणाल तं महागडे डबे आणू नका, भाकरी, वरण, अंडी, शेंगदाणे, फुटाणे, हिरवी भाजी, तेवढ्यावर होते.

ग्रामपंचायतीत पडदा लावून फायनल दाखवायची म्हणतो, वेळ सांगा. – एक सदस्य, ता. कारंजा (लाड)

१९ जुलै रविवार, पण तिकडची दुपार म्हणजे आपली रात्र, कॅलेंडरवर २० जुलै, सोमवार, रात्री साडेबारा. पहिली मॅचही १२ जूनला रात्री साडेबाराचीच. ऐन पावसाळा राहील तेव्हा पडदा अंगणात लावू नका, समाज मंदिरात लावा, आणि इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या दिवशी चार्ज करा, लाइन नेमकी पेनल्टीच्या टायमालाच जाते. मॅच एक्स्ट्रा टाइमला गेली तं तीन वाजून जातील. सकाळी शाळा आहे, हेडमास्तरांशी आधीच बोलून घ्या, आणि सकाळी शेतात डवरणीला जाणाऱ्यांच्या घरीही.